आत्मचरित्रांतील कुमारवयीन अपराध आणि प्रांजळपणाची कसोटी

आत्मचरित्राच्या परीक्षणात ‘प्रांजळपणा’ या गुणाला मराठी टीकेने नेहमीच मानाचे स्थान दिले आहे. लेखकाने आपल्या आयुष्यातील उणीव लपविली नाही, पोरवयात केलेली चोरी वा स्वैर वर्तन उघडपणे सांगितले, की ते आत्मचरित्र विश्वसनीय ठरते, असा या कसोटीमागील समज आहे. वरवर पाहता तो निर्विवाद वाटतो. परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षी घडलेला अपराध तीस-चाळीस वर्षांनी सांगताना लेखकाला नेमकी कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रश्न विचारला म्हणजे ही कसोटी तितकीशी भक्कम राहत नाही. बालिश वयाला समाज बहुधा क्षमा करतो. आणि त्या क्षमेची ज्याला आधीच खात्री आहे, त्याची कबुली धाडसाची असेलच असे नाही. म्हणून प्रांजळपणा हा आत्मचरित्राचा आवश्यक गुण असला तरी पुरेसा गुण नव्हे, हे काही प्रसिद्ध ग्रंथांच्या आधारे तपासून पाहणे उचित होईल.

अशा कथनात एकाच नावाची दोन माणसे असतात. एक अपराध करणारा मुलगा आणि दुसरा तो सांगणारा प्रौढ. मुलाला आपल्या कृतीचा अर्थ ठाऊक नसतो; प्रौढाला तो ठाऊक असतो, निदान तसा त्याचा दावा असतो. या दोघांमधील अंतर हेच अशा लेखनाचे खरे क्षेत्र होय. परंतु या दोघांखेरीज तिसराही एक मनुष्य प्रसंगात हजर असतो. ज्याचे नुकसान झाले, तो हा मनुष्य. त्याला ग्रंथात किती जागा मिळाली, याकडे टीकेचे लक्ष क्वचितच जाते.

संत ऑगस्टीन याचे उदाहरण या परंपरेच्या आरंभीचे आहे. इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथे जन्मलेल्या ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपला तेरा भागांचा ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लॅटिन भाषेत लिहिण्यास घेतला, तेव्हा त्याचे वय त्रेचाळीसच्या आसपास होते. दुसऱ्या भागात तो आपल्या सोळाव्या वर्षाची हकीकत सांगतो. पुढील शिक्षणासाठी पैसा जमेपर्यंत तो घरी रिकामा बसला होता. एका रात्री सवंगड्यांच्या टोळीबरोबर त्याने शेजारच्या नाशपातीच्या झाडाची फळे झोडपून नेली आणि त्यांतली बहुतेक डुकरांपुढे टाकली. फळे चांगली नव्हती, भूक नव्हती, घरी याहून सरस फळे होती. मग चोरी का केली? या प्रश्नाचा ऑगस्टीनने जो पाठपुरावा केला आहे, तो आजही थक्क करणारा आहे. निषिद्ध कृत्यातच गोडी होती, आणि एकटा असतो तर हे केले नसते, या दोन निष्कर्षांपर्यंत तो पोहोचतो. कुमारवयातील टोळीचे मानसशास्त्र याहून नेमके फारच थोड्यांनी मांडले असेल. तथापि ज्याचे झाड होते तो शेजारी या सर्व विवेचनात कोठेही दिसत नाही. ऑगस्टीनचे बोलणे ईश्वराशी चालले आहे आणि क्षमा करणाराही तोच आहे. झाडाच्या मालकाला विचारण्याची गरजच त्या रचनेत उत्पन्न होत नाही.

रूसोच्या ‘कन्फेशन्स’मध्ये हे चित्र पालटते. १७१२ मध्ये जिनिव्हात जन्मलेल्या रूसोने १७२८ मध्ये ते शहर सोडले. त्याच वर्षी तूरिन येथे एका सरदार घराण्यात नोकरीस असताना त्याने गुलाबी व रुपेरी रंगाची एक जुनी फीत चोरली. ती त्याच्यापाशी सापडली तेव्हा, घरात स्वयंपाक करणाऱ्या मारियाँ नावाच्या तरुण मुलीने ती आपल्याला दिली, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. दोघांनाही कामावरून काढण्यात आले. या प्रसंगाचे ओझे हलके करण्याची इच्छा हे ग्रंथलेखनामागील एक कारण होते, असे रूसो स्वतःच नमूद करतो. या ठिकाणी अपराधाचा बळी नावानिशी, रूपानिशी आणि स्वतःच्या शब्दांनिशी वाचकांपुढे उभा राहतो. मारियाँ त्याला रागाने शिव्या देत नाही; त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती एवढेच ती म्हणते. चोरीचा कलंक लागलेल्या मुलीला पुढे चांगली नोकरी मिळणे कठीण गेले असेल, हेही रूसो जाणतो. इतके झाल्यावर मात्र लेखणी वळण घेते. ती फीत आपण तिलाच देणार होतो, तीच मनात असल्यामुळे तिचे नाव तोंडातून गेले, शिक्षेपेक्षा चारचौघांत होणाऱ्या लाजेची भीती वाटली, असे खुलासे एकामागून एक येतात. अखेरीस आजवर भोगलेल्या दुःखांनी या पापाची फेड झाली असावी, असे तो सुचवितो. खुलासा हळूहळू निर्दोषत्वाच्या निकालात रूपांतरित होतो. आणि न्यायाधीशाच्या जागी खुद्द आरोपी बसलेला आढळतो. मारियाँची साक्ष मात्र कायमची अपुरी राहते.

गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेची प्रकरणे १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’ साप्ताहिकातून गुजरातीत प्रसिद्ध झाली. तीतही या वयातील अपराधांची मालिका आहे. मित्राच्या नादाने चोरून मांस खाणे, विड्या ओढणे, त्या विड्यांसाठी घरच्या नोकराच्या खिशातील पैसे उचलणे, पुढे परावलंबनाला कंटाळून धोत्र्याच्या बिया खाऊन प्राण देण्याचा फसलेला बेत, आणि पंधराव्या वर्षी थोरल्या भावाच्या कड्यातील सोने कापून त्याचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडणे, असा तो क्रम आहे. शेवटच्या चोरीनंतर गांधीजींनी चिठ्ठी लिहून ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून आसवे गळली, आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. येथे कबुली तीस-चाळीस वर्षांनी दिलेली नसून त्याच वेळी, ज्याचा विश्वास मोडला त्याच्याच हाती दिलेली आहे. शिक्षाही मागितलेली आहे. या दृष्टीने हा प्रसंग आधीच्या दोन्हींहून श्रेष्ठ ठरतो. मांसाहाराला प्रवृत्त करणाऱ्या मित्राचे नाव न देण्यात पाळलेला संयमही लक्षणीय आहे. परंतु त्याच प्रकरणात ज्या नोकराच्या खिशातून पैसे गेले, त्याचा उल्लेख ओझरता येतो आणि संपतो. सोन्याची चोरी अधिक गंभीर, असे गांधीजी म्हणतात. वस्तूच्या मोलाने पाहता ते खरे आहे. ज्याचे गेले त्याच्या ऐपतीने पाहता तोच निर्णय कायम राहील काय, याचा विचार कथनात येत नाही. नोकराला चिठ्ठी मिळाली नाही.

हे तीन ग्रंथ काळाने आणि हेतूने भिन्न आहेत. तरी एक गोष्ट तिन्हींत समान आहे. प्रत्येक ठिकाणी अपराध हा अपवाद आहे. सभ्य घराण्यातला मुलगा, किंवा पुढे थोर झालेला पुरुष, एकदा वाट चुकतो. म्हणूनच ती चूक कथनीय होते. क्षमा करणारे कोणी ना कोणी हजर असते: ईश्वर, भावी वाचक अथवा पिता. कबुली द्यावी आणि मोकळे व्हावे, हा व्यवहार अशाच माणसाला साधतो.

या संदर्भात मराठीतील एका शब्दाचा विचार बोधप्रद आहे. लॅटिन ‘कन्फेसिओ’ या शब्दात पापाची कबुली आणि ईश्वराची स्तुती हे दोन्ही अर्थ नांदतात. मराठीत त्यासाठी सहज सुचणारा शब्द ‘कबुलीजबाब’ हा होय. आणि त्याला देवळाचा नव्हे तर पोलीस चौकीचा वास आहे. तेथील कबुली कशी मिळविली जाते याविषयी खुद्द कायदाही साशंक आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, असा निर्बंध १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने घातला होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो राखला आहे.

कबुलीजबाबाचा हा दुसरा अर्थ ध्यानात घेऊन लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’कडे वळले पाहिजे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेल्या या आत्मकथनाची पार्श्वभूमी लातूर परिसराची आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु शिक्का पुसला गेला नाही. निजामी अमलाखालील मुलखातही त्याची छाया पोहोचलेली या पुस्तकात दिसते. लेखकाच्या आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. समाजातील मुलांना चोरीचे शिक्षण दिले जाई, आणि त्या शिक्षणाचा एक भाग मार खाण्याचा होता. उद्या पोलिसांच्या मारापुढे पोराने तोंड उघडू नये, म्हणून घरचेच लोक त्याला आधी मारून तयार करीत. ऑगस्टीनच्या जगात कबुलीने आत्मा तरतो; येथे कबुलीने कुटुंब बुडते.

त्यामुळे नियमभंगाची कल्पनाच या पुस्तकात उलटी होते. इतर आत्मचरित्रांत कुमारवयीन मुलगा चोरी करतो आणि तो नियमभंग ठरतो. ‘उचल्या’त मुलगा शाळेत जातो आणि तो नियमभंग ठरतो. वस्तीत पोरे आजारी पडली तर त्याचे खापरही या शिक्षणावर फोडले जाते. बापाने मुलाला शाळेत घातले, हेच त्या समाजाच्या दृष्टीने बेफिकीर कृत्य होय. तिशी ओलांडलेला लेखक मागे वळून पाहतो तेव्हा एकट्याच्या पश्चात्तापाला तेथे फारसे स्थान उरत नाही, कारण जे घडले ते एका मुलाच्या स्खलनाने घडलेले नाही. क्षमा कोणी कोणाची करावी, हा प्रश्न तो वाचकाकडेच वळवितो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ‘उचल्या’ हा सामाजिक दस्तऐवज आहे, आणि अंतर्मुख आत्मपरीक्षणाच्या ग्रंथांशी त्याची तुलना अप्रस्तुत आहे. आक्षेपात तथ्य आहे. ऑगस्टीनने हेतूचा जो तळ गाठला आहे तो ‘उचल्या’त शोधू नये. पण उलट दिशेने पाहिले तर असे दिसते की, ‘उचल्या’ वाचल्यावर नाशपातीची चोरीही पूर्वीसारखी वाचता येत नाही. त्या टोळीतील मुले दुसऱ्या कुळात जन्मली असती, तर तीच रात्र गंमत म्हणून सांगता आली असती की गुन्हा म्हणून नोंदली गेली असती? ‘खोडी’ आणि ‘गुन्हा’ या दोन शब्दांतील अंतर पुष्कळदा कृत्यात नसून कर्त्याच्या जन्मात असते. हे ज्या तुलनेने लक्षात येते, तिला अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

तात्पर्य, कुमारवयातील अपराधांचे कथन तपासताना टीकाकाराने तीन प्रश्न विचारावेत. सांगणाऱ्या प्रौढाने त्या मुलाला समजून घेतले आहे की त्याचे वकीलपत्र घेतले आहे? ज्याचे नुकसान झाले, त्याला ग्रंथात माणूस म्हणून जागा मिळाली आहे काय? आणि क्षमेची खात्री लेखकाला कबुलीपूर्वीच होती काय? पहिल्या प्रश्नात ऑगस्टीन उत्तीर्ण होतो. दुसऱ्यात रूसो, अखेरच्या खुलाशापर्यंत तरी. तिसऱ्यात चिठ्ठी हाती घेऊन वडिलांपुढे थरथरत उभा असलेला गांधीजींमधील मुलगा. ‘उचल्या’ हे प्रश्न ज्या भूमीवर उभे आहेत त्या भूमीचीच परीक्षा घेते. प्रांजळपणाचे कौतुक यापुढेही व्हावे. मात्र त्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, याचा हिशेब मांडल्यावाचून ते होऊ नये.