सोफीची रोजनिशी

चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २००७ साली नव्या शब्दांची एक यादी काढली. तीत 'शंग-न्यू' हा शब्द होता. अर्थ, उरलेली बाई. शिकलीसवरली, मिळवती, पण सत्ताविशीनंतरही बिनलग्नाची. आपल्या 'घोडनवरी'ची ही सख्खी बहीणच!

असे शब्द इतरांनी बनवलेले असतात. अविवाहित स्त्री स्वतःविषयी काय सांगते हे पाहायचे तर डिंग लिंग यांची 'सोफीची रोजनिशी' (१९२८) ही कथा वाचावी.

सोफी क्षयाने आजारी आहे. बीजिंगमध्ये भाड्याच्या खोलीत एकटी हिवाळा काढते आहे. वेईदी नावाचा रडवा मित्र तिच्यावर जीव टाकतो. तिचे मन मात्र सिंगापूरहून आलेल्या एका देखण्या तरुणात गुंतले आहे. त्याचे ओठ तिला हवेसे वाटतात आणि त्याचे पैशाअडक्याचे विचार ऐकून शिसारीही येते. दोन्ही ती लिहून ठेवते, सारवासारव न करता. काल लिहिलेल्याशी आज भांडते. आपण कशा आहोत हे तिला आधी ठाऊक नसते, लिहिता लिहिता कळत जाते.

मला सर्वांत बोचला तो एक लहानसा प्रसंग. सोफी ही रोजनिशीच वेईदीला वाचायला देते. आता तरी हा आपल्याला ओळखील, ही आशा. तो वाचतो आणि एवढाच अर्थ काढतो, की हिचे प्रेम त्या दुसऱ्यावर आहे.

लेखिकेच्या वाट्याला असेच वाचक आले. १९५७ च्या 'उजव्यां'विरुद्धच्या मोहिमेत सोफी म्हणजेच डिंग लिंग असे धरून त्यांच्यावर आरोप झाले. त्यांना ईशान्येच्या ओसाड मुलखात धाडण्यात आले. कथेतला 'मी' कबुलीजबाब ठरला! आपल्याकडेही १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा प्रौढ कुमारिकांचे दुःख राहिले बाजूला, आणि विभावरी शिरूरकर या टोपणनावामागची बाई कोण, याचीच शोधाशोध झाली. 'डिंग लिंग' हेही टोपणनावच.

२०१६ साली एका प्रसाधन कंपनीने शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये, जिथे आईबाप मुलांची माहिती कागदावर लिहून स्थळे शोधतात तिथेच, अविवाहित मुलींची छायाचित्रे व मनोगते लावून एक जाहिरातपट केला. तो हृद्य आहे. पण आईवडिलांचे मन वळले की त्यातली गोष्ट संपते. सोफीची तशी संपत नाही. तिला कोणाची संमती मिळवायची नाही. तरुणाचे चुंबन घेऊन झाल्यावर तिला त्याचा वीट येतो, स्वतःचाही येतो, आणि जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, दक्षिणेकडे, गाडीने निघून जायचे ती ठरवते.