सीमेच्या आतली माणसे आणि सुरक्षेचे शास्त्र

आपण कथा-कवितांची समीक्षा केली, आत्मकथनांवर वाद घातले. विद्यापीठांतील अभ्यासक्रमांची समीक्षा मात्र राहून गेली. आंतरराष्ट्रीय संबंध आणि प्रादेशिक सुरक्षा हा विषय मी पदव्युत्तर वर्गात शिकलो. तो ज्या रीतीने शिकविला जातो, त्या रीतीविषयी काही परखड बोलणे आवश्यक आहे.

या वर्गात राष्ट्र ही एक बंद पेटी असते. तिला सीमा असतात, सैन्य असते, हितसंबंध असतात. पेटीच्या आत कोण गावात राहतो आणि कोण गावकुसाबाहेर, हा प्रश्न इथला नव्हे. तो समाजशास्त्राकडे ढकलला जातो. बॅरी बुझान यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात राज्यसंस्थाच व्यक्तीला धोका ठरू शकते असे मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानवी विकास अहवालाने सुरक्षेचा केंद्रबिंदू सीमेकडून माणसाकडे आणला. हे दोन्ही आम्हांला नेमलेले होते. परंतु या विचारांच्या उजेडात आपलाच देश पाहावा असे कोणाला वाटले नाही. २००६ साली खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. त्या दिवशी देशाच्या सीमा सुरक्षित होत्या. मग असुरक्षित कोण होते? ज्या शास्त्राला हा प्रश्न पडत नाही, त्याला सुरक्षेचे शास्त्र का म्हणावे?

यावर उत्तर मिळते, की जात ही अंतर्गत बाब आहे. या उत्तराचा इतिहास तपासला पाहिजे. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. ही आमची अंतर्गत बाब आहे, असा बचाव तेथील सरकारने केला. भारताने तो मानला नाही, आणि आमसभेनेही मानला नाही. हा प्रसंग वर्गात अभिमानाने शिकविला जातो, आणि तो अभिमानास्पद आहेच. पण २००१ साली दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तेथे येऊ नये म्हणून भारत सरकारने कंबर कसली. जात म्हणजे वंश नव्हे, आणि ती आमची अंतर्गत बाब आहे, हा त्याचा युक्तिवाद होता. परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्यात जात हा शब्द आला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या तोंडी जो बचाव अन्यायाचा होता, तो आपल्या तोंडी न्यायाचा कसा झाला? दोन्ही प्रसंग एकाच तासाला शिकविले, तर विद्यार्थी हा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही. बहुधा म्हणूनच ते एकत्र शिकविले जात नसावेत.

अभ्यासक्रमातली दुसरी उणीव बाबासाहेबांची. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात सरहद्द, साधनसामग्री आणि सैन्य या तीन अंगांनी भारताच्या संरक्षणाचा विचार आहे. सैन्यात वायव्येकडच्या लोकांचा भरणा का, याचे उत्तर ते उपजत लढाऊपणात शोधत नाहीत. १८५७ नंतरच्या इंग्रजांच्या राजकारणात शोधतात. लढाऊ जातींच्या सिद्धांतापायी ज्या समाजाला सैन्याचे दरवाजे बंद झाले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत झगडावे लागले, त्या समाजातला विचारवंत हे लिहीत होता. तरीही हा ग्रंथ फाळणीच्या वादापुरताच वाचला जातो. आपणही तो तसाच वाचतो.

वाचावयाचा तर तो चिकित्सेनेच वाचला पाहिजे. सैनिकाची निष्ठा त्याच्या धर्मावरून तोलणारे त्यातील विवेचन आज तसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. बाबासाहेबांचे नाव घेऊन ती चर्चा टाळणे ही बाबासाहेबांची रीत नव्हे.

१९५१ चा त्यांचा राजीनामा आपल्याला हिंदू कोड बिलामुळे आठवतो. १० ऑक्टोबर १९५१ च्या त्या निवेदनात परराष्ट्र धोरणही आहे. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातून सुमारे एकशे ऐंशी कोटी सैन्यावर खर्च होतात, आणि आपल्याला मित्र नसल्यामुळे हा भार एकट्याने उचलावा लागतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच निवेदनात अस्पृश्यांवर पूर्वीचाच जुलूम चालू असल्याची तक्रार आहे. सीमेवरचा खर्च आणि गावकुसाबाहेरची असुरक्षितता एकाच कागदावर मांडणारा हा मंत्री होता. पुढे २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी तिबेटप्रश्नी सरकारच्या धोरणावर टीका केली, चीन आपल्या सीमेवर येऊन ठेपल्याचे बजावले. १९६२ चे युद्ध शिकविताना हे भाषण किती वर्गांत वाचले जाते?

आपली मुले आता या विभागांत जात आहेत. त्यांनी केवळ परीक्षेपुरती टिपणे काढून बाहेर पडू नये. प्रबंधाचा विषय निवडताना 'सुरक्षा कोणाची?' हा प्रश्न आपल्या वस्तीपासून विचारावा. कार्यकर्त्यांनीही परराष्ट्र धोरण हे दिल्लीतल्या साहेबांचे काम असे समजणे सोडले पाहिजे. आपल्याविषयी जगात काय बोलावे आणि काय बोलू नये हे तेथे ठरते, आणि ते ठरविताना आपल्याला विचारले जात नाही.