बदली खाँसाहेब

नाट्यगृहाच्या दाराशी एक काळा फळा ठेवलेला होता. त्यावर खडूने लिहिले होते की मुख्य गायक नटाचा घसा बसल्यामुळे आजच्या प्रयोगात खाँसाहेबांची भूमिका अमुक अमुक करतील. ते नाव रांगेतल्या कोणालाच माहीत नव्हते. खिडकीपाशी थोडी कुरकुर झाली. एक गृहस्थ तिकिटे परत करून निघून गेले. आम्ही अब्बांकडे पाहिले. सोलापुरात त्या काळी संगीत नाटक वर्षातून एखाद्या वेळेस येई आणि 'कट्यार काळजात घुसली' तर अब्बांनी तोपर्यंत फक्त कॅसेटवर ऐकलेले होते. आम्ही म्हणालो, "अब्बा, तुम्ही म्हणत असाल तर पैसे परत घेऊ." अब्बा म्हणाले, "चल अंदर. उसने भी तो रियाज किया होगा."

ही गोष्ट 2012 सालची, आमच्या बी.एड.च्या वर्षाची. त्यानंतर हे नाटक आणि इतरही संगीत नाटके आम्ही पाहिली. त्यांत मोठ्या नावांचे खाँसाहेबही आले. तरीही या नाटकाविषयी काही लिहायचे ठरवले की तो बदली नटच समोर उभा राहतो. असे का व्हावे, याचा उलगडा करून पाहण्यासाठी हा लेख.

'बदली' हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर उभा राहणारा तो बदली कामगार. पहाटे गिरणीच्या दाराशी जाऊन थांबायचे, नाव पुकारले तर आत जायचे, नाही तर घरी परतायचे. आमच्या मोहल्ल्यात अशी माणसे घरोघर होती. आमच्या पेशातही तेच. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही प्रथम एका रजेवरच्या मास्तरांच्या जागी उभे राहिलो, तेव्हा पाचवीतल्या पोरांनी पहिला प्रश्न केला, "असली सर कब आयेंगे?" नाट्यगृहात बसलेल्या पाचसहाशे माणसांच्या मनातही त्या रात्री हाच प्रश्न होता.

प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, कारण या नाटकाचा 'असली' खाँसाहेब कधीच ठरून गेला आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह 1967 च्या डिसेंबरात प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने रंगमंचावर आणले आणि वसंतराव देशपांडे यांनी खाँसाहेब आफताब हुसेन उभे केले. पंडित भानुशंकर होते भार्गवराम आचरेकर. खाँसाहेबांची मुलगी झरीना झाल्या होत्या आमच्या सोलापूरच्या फैयाज, ज्या पुढे 2015 साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. वसंतराव 1983 साली गेले. तरी आजही कोणी खाँसाहेबांचा अंगरखा चढवला की प्रेक्षक डोळ्यांनी त्याला पाहतो आणि कानांनी वसंतरावांना शोधतो. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी 2010 मध्ये हे नाटक पुन्हा उभे केले, तेव्हा रक्ताचा वारसा असूनही त्यांना याच तुलनेतून जावे लागले. तेथे बिचाऱ्या घसा बसलेल्याच्या जागी आलेल्याची काय कथा!

मराठी संगीत रंगभूमी मुळातच एकेका गळ्यावर उभी राहिलेली आहे. 'मानापमान'चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी मुंबईत झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी बालगंधर्व भामिनी म्हणून रंगमंचावर आले. ही हकिकत आपल्याकडे कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ती निष्ठा होतीच. पण आमच्यासारख्याला तिच्यात दुसरेही काही दिसते. त्या रात्री भामिनी उभी करील असे दुसरे माणूस प्रेक्षकांनी चालवून घेतले नसते. ज्या नाटकाला आपल्या नटाला मुलीच्या मयतीपुरतीही रजा देता येत नाही, त्या नाटकाची व्यवस्था कुठेतरी अपुरी आहे, असे म्हटले तर रसिकांनी रागावू नये.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ही व्यवस्था पक्की बांधलेली आहे. तेथे मुख्य भूमिकेची तालीम घेऊन तयार असलेला दुसरा नट असतो, त्याला अंडरस्टडी म्हणतात. शिवाय 'स्विंग' नावाची माणसे असतात, जी अनेक भूमिका पाठ करून पडद्यामागे थांबतात. 2021 च्या डिसेंबरात, करोनाच्या दिवसांत, 'द म्युझिक मॅन' या संगीतिकेची नायिका सटन फॉस्टर आजारी पडली, तेव्हा कॅथी वॉयट्को या स्विंगने नायिकेची भूमिका केली. नायक ह्यू जॅकमन याने प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांना सांगितले की ही बाई दुपारी बारा वाजता कामावर आली तेव्हा आठांपैकी कोणतीही भूमिका तिच्या वाट्याला येऊ शकत होती. एवढ्या मोठ्या नटाला हे सांगावे लागले, यावरून व्यवस्था असूनही मान नव्हता हेही दिसते. पुढच्याच वर्षी 'फनी गर्ल'मध्ये मुख्य नटीने जुलैअखेर नाटक सोडले आणि नवी नटी सप्टेंबरात यायची होती. मधला महिनाभर ज्युली बेंको ही अंडरस्टडी फॅनी ब्राइस झाली. नवी नटी आल्यावरही दर गुरुवारचा प्रयोग तिचाच राहिला, आणि तो जाहीर करून राहिला. 'फनी गर्ल'ची गोष्ट काय आहे? 'ही पोर नटी होण्यासारखी नाही' असे ज्या मुलीविषयी सगळे म्हणतात, ती मुलगी नटी होऊन दाखवते. ही गोष्ट आधीच नामांकित झालेल्या नटीने सांगावी की जिचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा मुलीने? आमचा कल कोणाकडे आहे हे सांगायला नको.

आता त्या रात्रीच्या खाँसाहेबांकडे येऊ.

'कट्यार'ची गोष्ट वाचकांना माहीत आहेच. खाँसाहेब वर्षानुवर्षे दरबारच्या स्पर्धेत पंडितजींपुढे हरत आलेले. अखेर एकदा ते जिंकतात. राजगायकाची हवेली मिळते, एक खून माफ असलेली कट्यार मिळते आणि पंडितजी निघून जातात. म्हणजे हा माणूस आपल्या हयातीचा मोठा भाग 'दुसरा' म्हणून जगलेला आहे. त्याचा राग, त्याचा संशय, आपली गायकी कोणी चोरून नेईल ही त्याची धास्ती, सगळे त्या दुसरेपणातून आलेले आहे. लेखकाने हे स्पष्ट लिहून ठेवले आहे. पण रंगमंचावर ते दिसते का?

मोठा गायक खाँसाहेब म्हणून येतो तेव्हा त्याच्या प्रवेशालाच टाळ्या पडतात. पहिल्या आलापातच त्याने सभा जिंकलेली असते. मग कोण विश्वास ठेवणार की हा माणूस इतकी वर्षे हरत होता? त्याचा संताप मग दुखावलेल्याचा वाटत नाही, तो मग्रुरीचा वाटतो. आपल्या वाचकांच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. मराठी रंगभूमीवर मुसलमान पात्रे मोजकी, त्यांत नाटकाच्या केंद्रस्थानी असलेली आणखी मोजकी. त्यातला हा खाँसाहेब जर केवळ गर्विष्ठ आणि सूडबुद्धीचा दिसला, तर घरी जाताना प्रेक्षक काय घेऊन जातो? 2015 च्या चित्रपटात तर तो जवळजवळ खलनायकच वाटतो. सचिन पिळगांवकरांचा चेहरा आणि राहुल देशपांडे यांचा गळा, दोन्ही आपापल्या जागी चोख. पण कॅमेरा डोळ्यांतल्या द्वेषापाशीच जास्त वेळ थांबतो.

त्या रात्रीचा तरुण हवेलीत आला तो जरा बुजलेलाच. टाळी पडली नाही. तो पंडितजींच्या बैठकीच्या जागेकडे पाहत राहिला, मग खाली बसला. पण नीट टेकून नाही, काठावर. ही जागा आपली आहे यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. हे त्याने ठरवून केले की घाबरल्यामुळे झाले, आम्हाला सांगता येणार नाही. पण खाँसाहेब पहिल्यांदाच तेथे होते. सभेत बसलेली पाचसहाशे माणसे त्याला 'असली नव्हे' म्हणून पाहत होती आणि नाटकातला दरबारही खाँसाहेबांकडे तसाच पाहत आला होता. पुढे झरीनावर तो ओरडला तेव्हा त्या ओरडण्यात भीती होती. चोरून गायकी ऐकणाऱ्या सदाशिवावर कट्यार उगारली तेव्हा हात थरथरला. कष्टाने, उशिरा, संशयास्पद मार्गाने मिळालेले जपून ठेवणाऱ्या माणसाचा तो हात होता.

गाण्यात तो कमी पडला, हे लपवण्यात अर्थ नाही. तार सप्तकात दोनदा सूर निसटला. वसंतरावांच्या ताना जशा अचानक दिशा बदलतात, तशी दिशा बदलायला तो जाई आणि मध्येच अडखळे. तलफ्फुजाबद्दल तर आमच्यातला मास्तर गप्प बसणे शक्य नाही. 'ख़' आणि 'ख', 'क़' आणि 'क' यांतला फरक त्याला कोणी सांगितलेलाच नव्हता. बरेलीकडचा उस्ताद 'इज्जत' म्हणताना जीभ कुठे ठेवतो हे एका दुपारात शिकवता येते, पण आपल्या नाटक मंडळ्या गाण्याची तालीम महिनोन्महिने घेतात आणि जबानची एक दिवसही नाही. हा दोष मूळ नटांनाही लावता येईल. फिरोज अब्बास खान यांच्या 'मुगल-ए-आझम' या संगीत नाटकात (2016) अनारकलीची भूमिका नेहा सरगम आणि आपल्या मराठीच्या प्रियांका बर्वे अशा दोघी करत आल्या, रंगमंचावर प्रत्यक्ष गाऊन. तेथे कोणी असली नाही, कोणी बदली नाही, आणि मराठी मुलीच्या तोंडी उर्दू संवाद आहेत म्हणून कोणाचे काही अडत नाही. मेहनत घेतली तर होते.

एक गंमतही सांगून टाकू. संगीत नाटकाला वन्समोअरची सवय. त्या रात्री खाँसाहेबांना एकही वन्समोअर मिळाला नाही. परिणाम असा झाला की नाटक वेळेवर संपले आणि दारव्हेकरांचे संवाद पदांच्या गर्दीत न हरवता कानावर पडले. आम्हाला तर प्रथमच समजले की हे नाटक गाण्याशिवायही चांगले लिहिलेले आहे.

घरी आल्यावर अब्बांनी झोपण्याआधी वसंतरावांची कॅसेट लावली. आम्हाला वाटले, कानातला बेसूर धुऊन काढत असतील. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "गाना तो यही है. मगर बेटा, ये आदमी हारा हुआ नहीं लगता."

वसंतरावांचे थोरपण कमी करण्याचा येथे हेतू नाही. ते गायक म्हणून इतके पुढे होते की नाटकातले पात्र त्यांच्या मागे राहिले, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि त्यांचा स्वतःचा गळा तरी कोठून आला? लाहोरचे असद अली खाँ, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, सुरेशबाबू माने, अशा अनेक उस्तादांकडून त्यांनी घेतले. अभिषेकीबुवांनीही अजमत हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतलेली. नाटकातही एकच पद पंडितजी एका चालीत गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या. गायकी एका गळ्याची मालकी नाही, यावर तर सगळे नाटक उभे आहे. सदाशिव धडपडतो ते त्यासाठीच. अशा नाटकाच्या प्रेक्षकाने एकाच गळ्यासाठी अडून बसावे, हा विरोधाभास आम्हाला त्या फळ्यासमोर उभे असताना सुचला नव्हता.

आता समीक्षेविषयी. आपले नाट्यसमीक्षक पहिला प्रयोग किंवा फार तर पहिल्या आठवड्यातला प्रयोग पाहून लिहितात. नाटक पुढे शेकडो प्रयोग जगते, नट बदलतात, गळे बदलतात, गावे बदलतात. सोलापूर, लातूर, नांदेडच्या प्रेक्षकाला जे नाटक दिसते ते बहुधा समीक्षकाने पाहिलेले नसते. पहिल्या संचावर लिहिलेले परीक्षणच कायमचा निकाल म्हणून राहते. बदली नटाने भूमिकेचा एखादा कोपरा उघडून दाखवला तर तो त्या रात्रीपुरताच उघडतो. ब्रॉडवेवर निदान कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी घालतात, त्यावर नाव छापलेले असते, कोणी जपून ठेवली तर राहते.

त्या मंडळीच्या प्रयोगाचे मुंबईत आलेले परीक्षण आम्ही पुढे जुन्या अंकांतून शोधून काढले. दोन रकाने आहेत. मुख्य गायक नटाच्या तानांवर अर्धा रकाना खर्च झाला आहे आणि नेपथ्य करणाऱ्याचेही नाव आहे. आमच्या खाँसाहेबांचे नाव तेथे असण्याचे कारणच नव्हते. फळ्यावरचे नाव आम्ही त्या वेळी वहीत उतरवून घेतले नाही. अब्बांना आडनाव तेवढे आठवत होते, तेही त्यांच्या दोन वेळच्या सांगण्यात वेगवेगळे आले.