शेलने काय घेतलं, काय मागे ठेवलं

कमांड लाइनचं सगळं श्रेय युनिक्सला देण्याची आपल्याला सवय आहे. ते अर्धंच खरं. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०९ या मेनफ्रेमवर सीटीएसएस या टाइम-शेअरिंग यंत्रणेचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हाच माणूस यंत्रासमोर बसून आज्ञा टाइप करू लागला होता. पुढे याच यंत्रणेसाठी लुई पूझाँ यांनी 'रनकॉम' हा प्रोग्राम लिहिला. कमांड्स फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायच्या आणि चालवताना मोकळ्या जागी हवी ती नावं भरायची. आजच्या शेल स्क्रिप्टचं मूळ ते हेच. सीटीएसएसनंतरच्या मल्टिक्स या यंत्रणेसाठी त्यांनी आणखी पुढचा विचार मांडला आणि ग्लेंडा श्रोडर यांनी तो १९६५ मध्ये प्रत्यक्षात आणला: आज्ञा वाचणारा प्रोग्राम, म्हणजेच शेल, यंत्रणेच्या गाभ्यात नको, बाहेर हवा, इतर कुठल्याही प्रोग्रामसारखा. नाही आवडला तर बदला. बॉर्न शेल, सी शेल, बॅश ही सगळी वंशावळ या एका निर्णयावर उभी आहे.

बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्सच्या प्रकल्पातून बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्प्सन यांनी मल्टिक्समधला विचार युनिक्समध्ये आणला, पण भरपूर छाटून. मल्टिक्सवर आउटपुट फाइलकडे वळवायचं तर आधी एका आज्ञेने जोडणी करायची, काम झालं की दुसरीने ती सोडवायची. युनिक्सने हे सगळं '>' या एका चिन्हात बसवलं. ही छाटणी मला नव्या शोधापेक्षाही मोठी वाटते.

मात्र मेनफ्रेमचा दुसरा वारसा, आयबीएमच्या ओएस/३६० या यंत्रणेला कामाच्या सूचना देणारी जेसीएल ही भाषा, शेलने जवळपास नाकारला. जेसीएल किचकट होती यात शंका नाही. खुद्द ओएस/३६०च्या विकासाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी तिच्यावर कडक टीका केली. तरी तिची एकच नोंद पाहा: 'डिस्प=(न्यू,कॅटलग,डिलीट)'. फाइल नवी आहे, काम नीट झालं तर तिची नोंद ठेव, मध्येच कोसळलं तर ती काढून टाक. अपयशाचं काय करायचं, हे काम सुरू होण्याआधीच लिहिलेलं. आता बॅशमध्ये 'सॉर्ट यादी > यादी' चालवा. शेल आधी फाइल रिकामी करतो, मग सॉर्टला बोलावतो. यादी गेली. स्क्रिप्टमधली एखादी ओळ फसली, तरी शेल निमूटपणे पुढच्या ओळीवर जातो. जेसीएलमध्ये आधीच्या पायरीचा रिटर्न कोड, म्हणजे ती कशी संपली हे सांगणारा आकडा, पाहून पुढची पायरी गाळण्याची सोय पहिल्यापासून होती.

बॅशमध्ये असलेली फाइल पुसू न देणारा 'नोक्लॉबर' आणि ओळ फसताच स्क्रिप्ट थांबवणारा 'सेट -ई' हे पर्याय आहेत, पण स्क्रिप्टमध्ये ते मुळात बंद असतात. शिवाय नोक्लॉबर फक्त असलेली फाइल वाचवतो. अर्धवट लिहिलेली नवी फाइल तशीच पडून राहते. म्हणून तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, काम फत्ते झालं का तपासा, मग नाव बदला, हा सोपस्कार प्रत्येकाने आपापल्या स्क्रिप्टमध्ये हाताने करायचा. घाईत तो राहून जातो आणि रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये त्याची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते.