‘एकच प्याला’मधले कठीण शब्द नेमके कोणते?

‘एकच प्याला’ अभ्यासायला घेतलं की बहुतेक जण आधी शब्दांची यादी करतात. संस्कृत वळणाचे लांबलचक शब्द डावीकडे, अर्थ उजवीकडे. यादी जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. गडकऱ्यांच्या या शोकांतिकेत (पहिला प्रयोग १९१९) खरे अवघड शब्द सोपे वाटतात, म्हणून यादीत येतच नाहीत.

‘सनद’ घ्या. कोश सांगेल, वकिलीचा परवाना. पण सुधाकराची सनद काही काळ जाते आणि त्या अपमानातच पहिला प्याला ओठांना लागतो. म्हणजे इथे सनद ही त्याची अब्रू आहे. ‘आर्य मदिरा मंडळ’ पाहा. तिन्ही शब्द ओळखीचे, तरी त्या काळच्या सभा-मंडळांची भाषा माहीत नसेल तर तळीरामाचा टोला कळत नाही.

तिसरा शब्द ‘विधवा’. नाटकातली शरद बालविधवा आहे. या शब्दाचं वजन कोशापेक्षा आमच्या दापोलीजवळच्या मुरुडात जास्त कळतं. इथेच वाढलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

तेव्हा तुमच्या यादीत एक रकाना वाढवा: हा शब्द कोण, कोणाला उद्देशून बोलतं, आणि त्यात कोणाचं काय पणाला लागलंय? तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथूनच निघेल.