पुरवठादारांची प्रतिरूपे आणि विद्यार्थ्यांचे यंत्रमानव : एक परीक्षण

तांत्रिक आरेखनांचे परीक्षण ग्रंथपरीक्षणाच्या रीतीने करावे काय, असा प्रश्न ह्या लेखाचे शीर्षक पाहून कोणी विचारील. ज्या लेखनाला कर्ता आहे, वाचक आहे, आणि ज्याचा अर्थ चुकीचा लागल्यास कोणाचे तरी नुकसान होते, ते लेखन परीक्षणास पात्र आहे, एवढेच उत्तर त्यास देता येईल. येथे विचारात घेतलेले लेखन अमेरिकेतील आहे. तेथील ‘फर्स्ट’ ह्या संस्थेच्या यंत्रमानव-स्पर्धेत उतरणाऱ्या शालेय संघांना सुटे भाग विकणारे पुरवठादार त्या भागांची संगणकीय प्रतिरूपे, म्हणजे ज्यांना सर्वत्र कॅड फाईली म्हणतात त्या, विनामूल्य देतात. काही भागांबरोबर मापे घातलेले ड्रॉइंगही देतात. ह्या औदार्याची वाखाणणी होते आणि ती बहुतांशी रास्तच आहे. परंतु ‘उपलब्ध आहे’ असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय पडते, हे तपासून पाहिले पाहिजे.

डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ही संस्था स्थापन केली. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. तीत अवघे २८ संघ होते. आज त्यांची संख्या तीन हजारांच्या वर गेली आहे. दरवर्षी जानेवारीच्या आरंभी नवा खेळ जाहीर होतो आणि पुढील काही आठवड्यांत संघाने यंत्र उभे करावयाचे असते. २०१९ पर्यंत सुमारे सहा आठवड्यांनी यंत्र पिशवीत घालून मोहोरबंद करावे लागे. २०२० च्या हंगामापासून ते बंधन उठले, तथापि घाई कमी झाली असे म्हणता येत नाही. अशा घाईत मोटार विकत घेण्यापूर्वीच ती आपल्या सांगाड्यात बसते की नाही हे पडद्यावर पाहता येणे, ही लहान संघांस केवढी सोय आहे हे निराळे सांगावयास नको. ज्या शाळेत लेथ नाही आणि चुकीचा भाग परत पाठवून नवा मागविण्याइतका पैसाही नाही, तेथे एका फाईलने एक आठवडा वाचतो.

शिवाय ही सोय स्पर्धेच्या नियमांशीही जुळणारी आहे. बाजारातून घ्यावयाचा तयार भाग सर्व संघांस सारखाच विकत मिळण्याजोगा असला पाहिजे, असा तेथे दंडक आहे. खेळ जाहीर होण्यापूर्वी केलेली रचना वापरावयाची असेल, तर ती आधी सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली असावी लागते. म्हणजे प्रकटता हा त्या खेळाचा कायदाच आहे. पुरवठादारांपैकी काही ह्याच गोटातून आलेले आहेत. २००४ मध्ये ‘अँडीमार्क’ ही पेढी काढणारे अँडी बेकर व मार्क कूर्स हे दोघेही इंडियाना राज्यातील कोकोमो गावच्या एका संघाचे मार्गदर्शक होते. गिऱ्हाइकाची अडचण त्यांना ऐकून माहीत नव्हती, ती त्यांनी सोसलेली होती. ह्या व्यवसायातील मोकळेपणाचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

एवढे श्रेय देऊन आता मुख्य आक्षेपाकडे वळू. प्रतिरूप आणि ड्रॉइंग ह्या दोन निराळ्या जातींच्या वस्तू आहेत, आणि पहिलीच्या सुलभतेमुळे दुसरीची गरज उरली नाही असा समज पसरत चालला आहे. प्रतिरूप वस्तूचा आदर्श आकार दाखविते. ड्रॉइंग त्या आकारात किती चूक चालेल हे सांगते. कारखान्यात ज्याला टॉलरन्स म्हणतात, तो ह्या चुकीचा परवाना होय. आकार पाहून तो कळत नाही, तो कोणीतरी लिहावा लागतो.

ह्या स्पर्धेत अर्धा इंच षट्कोनी शाफ्ट फार प्रचारात आहे. त्यावर बसणाऱ्या नेहमीच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास १.१२५ इंच, म्हणजे २८.५७५ मिलिमीटर असतो. विद्यार्थी फाईल उतरवून घेतो, बेअरिंगची कड निवडतो आणि आपल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात नेमके तेवढेच भोक काढतो. पडद्यावर दोन्ही वर्तुळे एकावर एक तंतोतंत बसतात. कापणाऱ्या यंत्राने भोक दोन-तीन सहस्रांश इंच लहान काढले, तर बेअरिंग हातोडीने ठोकावे लागते व ते जड फिरू लागते. तेवढेच मोठे काढले, तर ते हळूहळू सैल होते. दोन्ही प्रसंगी विद्यार्थी यंत्राला दोष देतो. वास्तविक भोक किती घट्ट हवे हा प्रश्नच त्याच्यापुढे कोणी ठेवलेला नसतो. १.१२५ हा आकडा त्याला उत्तर म्हणून मिळतो आणि तो ते निमूटपणे उतरवून घेतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ह्या यंत्रांतील पुष्कळसे गिअर वीस डायमेट्रल पिचचे असतात. व्यासाच्या दर इंचास वीस दाते, असा त्याचा अर्थ. म्हणून दोन गिअरांच्या दात्यांची बेरीज करून तीस ४० ने भागले की केंद्रांमधील अंतर इंचांत मिळते. १२ आणि ६० दात्यांच्या जोडीस ते १.८ इंच येते. आता मोटारीवर बसणारा ११ दात्यांचा लहान गिअर, म्हणजे पिनियन, घ्या. हिशेबाने अंतर १.७७५ इंच यावयास हवे. परंतु पुरवठादार जे ११ दात्यांचे पिनियन विकतात, त्यांतील काही १२ दात्यांच्या अंतरावर चालण्यासाठीच मुद्दाम बनविलेले असतात. दाते कमी झाले की त्यांची मुळे पोखरली जाऊन ते दुबळे होतात. म्हणून ते बाहेरच्या अंगाला सरकवून कापावयाचे, अशी ही जुनी आणि शहाणपणाची युक्ती आहे. तिच्यामुळे पत्र्यातील भोके न हलविता १२ च्या जागी ११ दात्यांचा गिअर बसविता येतो, हा आणखी एक लाभ. ज्याला हे ठाऊक नाही त्याने १.७७५ इंचांवर भोके पाडली, तर ०.०२५ इंचांची, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटरची चूक होते. ती दात्याच्या पूर्ण उंचीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक असल्यामुळे गिअर एकमेकांत रुतून बसतात.

ह्या ठिकाणी फाईल काय सांगते? पुष्कळदा काहीच नाही. फाईल हलकी व्हावी म्हणून दाते ढोबळमानाने दाखविलेले असतात, किंवा त्यांच्या जागी साधी चकती असते. खुलासा असलाच तर तो विक्रीच्या मजकुरात कोठेतरी एका ओळीत असतो. मूलग्रंथ एकीकडे आणि त्याची किल्ली दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे. फाईल एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ती ओळ मात्र मागेच राहते.

हे माध्यमाचे अपरिहार्य वैगुण्य आहे, असे कोणी म्हणेल. तसे मानण्यास आधार नाही. फाईलींच्या देवघेवीसाठी ‘स्टेप’ नावाचा आंतरराष्ट्रीय संकेत १९९४ पासून प्रसिद्ध आहे. त्याच्या प्रचलित रूपात आकार जातो, पण तो आकार कोणत्या क्रमाने व कोणत्या हेतूने रचला गेला हा इतिहास जात नाही. तरीही त्याच संकेताच्या २०१४ मध्ये आलेल्या ‘एपी २४२’ ह्या भागात मापे आणि टॉलरन्स प्रतिरूपालाच जोडण्याची तरतूद आहे. साधन आहे, उणीव लिहिणाराची आहे.

विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक ह्यांनी ‘ऑनशेप’ ह्या संगणकप्रणालीवर स्वतःचे भागसंग्रह उभारले. त्यांपैकी ‘एमकेकॅड’ हा एके काळी सर्वतोमुखी होता. ह्या संग्रहकारांचे काम जुन्या पोथ्यांच्या लेखनिकांसारखे आहे. त्यांनी निरनिराळ्या पेढ्यांच्या फाईली एकत्र आणल्या, निरुपयोगी बारकावे गाळले, भाग सहज जुळावेत अशी सोय केली. त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु नकलेबरोबर पाठभेद येतो. पुरवठादाराने भागात फेरफार केला आणि संग्रहातील प्रत जुनीच राहिली, तर कोणती प्रत प्रमाण मानावयाची? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झाले, तेव्हा संपादकांसमोर निदान पोथ्या तरी होत्या, आणि त्यांतील भेद पानाच्या तळाशी नोंदविता येत होते. येथे फाईलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक व तारीख घालण्याची साधी शिस्तही सर्वत्र पाळली जात नाही.

व्यापारी गुपिताचा मुद्दा निघतो. गिअरपेटीच्या पोटातील रचना पुरवठादाराने उघडी करावी असे कोणी म्हणत नाही. बाहेरचे कवच तेवढे देऊन आतला भाग रिकामा ठेवणे सर्वस्वी क्षम्य आहे. परंतु जेथे त्याचा भाग संपून विद्यार्थ्याचा सुरू होतो, त्या सीमेवरील भोके, खोबणी आणि बैठका ह्यांची मापे टॉलरन्ससह लिहिण्यात कोणते गुपित फुटते?

चांगले नमुने मुळीच नाहीत असेही नाही. ‘मॅकमास्टर-कार’ ह्या शिकागोच्या जुन्या पेढीच्या सूचीत अनेक भागांना प्रतिरूपाबरोबर एका पानाचे मापांकित ड्रॉइंग असते, आणि ते कोणत्याही प्रणालीवाचून वाचता येते. पण सर्वांत उत्तम उदाहरण विक्रेत्याचे नाही, खुद्द स्पर्धेचेच आहे. सुमारे ५४ फूट लांब व २७ फूट रुंद अशा मैदानाची अधिकृत आरेखने संस्था प्रसिद्ध करते. त्यांखेरीज संघांनी शाळेत सरावासाठी लाकूड व प्लायवुड ह्यांतून तीच उपकरणे कशी उभारावीत, ह्याची आरेखनेही ती स्वतंत्रपणे देते. खऱ्या मैदानातील महागडी घडण येथे सोडून दिलेली असते आणि खेळास जे माप महत्त्वाचे तेवढे राखलेले असते. वाचक कोण आहे, त्याच्यापाशी कोणते हत्यार आहे आणि त्याने कोठे चुकलेले चालेल, ह्याचा विचार करून ही पाने लिहिलेली आहेत. पुरवठादारांच्या फाईली पाहून आल्यावर हा फरक फार जाणवतो.

आपल्याकडील अनुभव ह्याच्या उलट टोकाचा आहे. आशियाई ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००८ व २०१४ ह्या वर्षी पुण्यास झाली, आणि त्या स्पर्धेसाठी यंत्रे करणाऱ्या महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजाराचा आश्रय घ्यावा लागतो. तेथे फाईल कोणी देत नाही. काउंटरवर ‘६२०२’ एवढा क्रमांक सांगितला की बेअरिंग पुढ्यात येते. परंतु त्या चार आकड्यांत आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि रुंदी ११ मिलिमीटर हे सारे प्रमाणाने बांधलेले आहे. ३५ मिलिमीटरच्या घरास ‘एच ७’ म्हणजे शून्य ते ०.०२५ मिलिमीटर एवढीच जादा मोकळीक, हे कोणत्याही छापील सूचीत सापडते. चांगला टर्नर तर सूची न पाहताच विचारतो, ‘फिट कसा पाहिजे?’ विकत घेतलेल्या भागाबरोबर हा प्रश्न आपोआप येतो, तो फाईल नसल्यामुळे. अमेरिकन संघातील मुलाला फाईल प्रथम मिळते, आणि हा प्रश्न त्याला बहुधा पहिले बेअरिंग सैल झाल्यावर भेटतो.