बोटातलं रक्त आणि प्लीहेतला मलेरिया

दिंडोशीत पावसाळा सुरू झाला की महापालिकेची माणसं गच्चीवरच्या टाक्या तपासत फिरतात. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ताप आला की आपण बोटातून थेंबभर रक्त देतो. परजीवी दिसला तर मलेरिया, नाहीतर नाही. दवाखान्यात हे ठीक. पण तुम्ही संशोधनाला बसणार असाल, तर ही सवय तिथेच ठेवून या.

ती मोडणारं एक छोटंसं पत्र २०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. स्टीव्हन खो आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या पापुआमधल्या २२ जणांच्या प्लीहा तपासल्या. बहुतेकांची प्लीहा अपघातामुळे काढावी लागली होती. मलेरियाची लक्षणं नव्हती. तरीही प्लीहेत जिवंत दिसणारे परजीवी ठासून भरलेले. व्हायवॅक्सच्या बाबतीत तर एकूण परजीवींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त तिथेच!

वाचून मी हरखलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र शंका आली. हे लोक अशा भागातले, जिथे मलेरिया कायम असतो. इथल्या बांधकामावर पहिल्यांदाच तापाने फणफणलेल्या मजुराच्या प्लीहेतही हेच असेल, असं यावरून म्हणता येत नाही. शिवाय काढलेली प्लीहा म्हणजे एकाच क्षणाचा फोटो. परजीवी किती आहेत ते कळलं. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी काय करत होत्या, ते नाही. 'परजीवी जास्त म्हणजे प्रतिकार कमजोर' ही उडी पत्रात नाही, आपणच मारतो.

आता यकृत बघा. यकृतपेशींवर एचएलए वर्ग-१ रेणू असतात, त्यामुळे सीडी८ टी पेशी आतला परजीवी ओळखू शकतात. उंदरांत २०१६ साली दिसलं, की यकृतातच मुक्काम ठोकलेल्या अशा पेशी काढून टाकल्या तर संरक्षणही जातं. नुसतं रक्त तपासून या पेशी सापडणार कशा? तोच परजीवी पक्व तांबड्या पेशीत शिरला, की तिथे हे रेणू जवळजवळ नसतातच. मग भिस्त प्रतिपिंडांवर आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींवर. (व्हायवॅक्सला कोवळ्या तांबड्या पेशी आवडतात, आणि त्यांच्यावर हे रेणू सापडलेत. म्हणजे इथेही अपवाद आहेच.)

माझ्या संशोधन-प्रस्तावाचं शीर्षक होतं 'मलेरियातील टी पेशींचा प्रतिसाद'. नमुने सगळे दंडातल्या शिरेतले. 'रक्तातील' हा शब्द त्यात घालायला मला सहा महिने लागले.